पाठीला बटणं असलेला कोट

तो कोट पाठीमागून उघडायचा. जगातले सगळे कोट पुढून उघडतात, पण टेलरबाईंनी हा मुद्दाम उलटा बेतला होता आणि त्यात फॅशनबिशनचा काही संबंध नव्हता. छातीकडची बाजू सलग, एकसुद्धा बटण नाही. पाठीला मात्र मोठी मोठी बटणं, चटकन सुटतील अशी. वर्षातून एकदा, मास्तरांच्या दिवशी संध्याकाळी, नवरा मागच्या दाराशी येऊन दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा. बाई त्याच्या मागे जाऊन बटणं सोडायच्या, मग पुढे येऊन लाकडी चिमट्याने बाह्या धरून कोट पुढच्या पुढे ओढून घ्यायच्या आणि तसाच पत्र्याच्या टबात, उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवायच्या. असं केलं की त्याच्या तोंडाला काही लागत नसे आणि त्याच्या हातालाही नाही.

कोटाला जे लागलेलं असायचं ती थुंकी असायची. गावाची थुंकी.

कोट दुसऱ्या पाण्यातून काढेपर्यंत बाईंना त्यात कोण कोण होतं ते कळायचं. तंबाखूवाल्यांचे पिवळे डाग वेगळे. शाळकरी पोरांनी गोळ्या चघळून टाकलेली चिकट लाल लाळ वेगळी. आणि औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याचा बेडका तर कुठेही ओळखू आला असता. पुढे चार दिवस बाईंना जेवण जात नसे. कालवलेला भात तसाच ताटात राहायचा. पण बोलायचं कुणाला? नवरा अंघोळ करून, केसाला तेल लावून, भरल्या ताटावर बसून म्हणायचा, "यंदा गर्दी चांगली होती."

गोष्ट गोऱ्यांच्या राज्यातली. गावातल्या शाळेचे एक मास्तर होते. त्यांनी चार तरुण हाताशी धरून जकात कचेरीला आग लावली. रस्त्यावरचे दिवे लावत फिरणाऱ्या एका माणसाने ते कुठे लपलेत ते गोऱ्या अंमलदाराला जाऊन सांगितलं आणि मास्तरांना कचेरीच्या मागच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. तो दिवे लावणारा म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा आजोबा. हे खरं होतं. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती, घरच्यांनाही नव्हती.

गोरे गेले त्या वर्षी लोकांनी म्हाताऱ्याला धरून त्याच भिंतीशी उभा केला आणि त्याच्यावर थुंकले. त्यात राग होता आणि तो समजण्यासारखा होता. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला. तो मेला तेव्हा त्याच्या मुलाला बोलावलं. मुलगा मेला तेव्हा नातवाला. रागाचा रिवाज झाला, रिवाजाचा कार्यक्रम झाला, कार्यक्रमाला समिती आली, समितीला अध्यक्ष आला आणि अध्यक्षाला भाषण आलं. आता नियम ठरलेले होते. फितुराचे हात मागे बांधायचे, डोळ्यांवर टोपी ओढायची, तोंडावर कुणी थुंकायचं नाही, छातीवर थुंकायचं. पहिला मान अध्यक्षांचा.

मान! बाईंना तो शब्द ऐकला की शिसारी यायची.

आणि मास्तर? त्यांच्यासोबतच्या चौघांची नावं विचारली असती तर निम्म्या समितीची दातखीळ बसली असती. फितुराचं घर मात्र शेंबडं पोरसुद्धा दाखवायचं. भिंतीतली गोळ्यांची भोकं दर वर्षीच्या चुन्याने बुजायची, म्हणून आदल्या दिवशी सुतार येऊन ती ड्रिल मशीनने पुन्हा पाडून जायचा. एके वर्षी त्याने चार जादा पाडली, सारखी दिसावीत म्हणून.

बाईंना एकच मुलगी. लहानपणी शाळेत तिच्या डब्याजवळ कुणी बसायचं नाही. "हिच्या घरात थुंकी असते," म्हणायच्या मुली. मुलगी शिकली आणि तडक दूरच्या शहरात गेली. तिथे ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. जाताना भांडली नाही, आदळआपट केली नाही. पायताण घालता घालता म्हणाली, "आई, ज्या वर्षी बाबा तिथे उभे राहणार नाहीत, त्या वर्षी मी घरी येईन." फोन यायचा, पैसे यायचे, ती यायची नाही. बाई ब्लाउजला हुक लावता लावता दाराकडे बघायच्या. लेकीचं जेवायला वाढायचं ताट अजून फळीवर पालथं होतं.

त्या वर्षी समितीचे सचिव स्वतः घरी आले. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती रुमालाने पुसली, हेही बाईंनी पाहिलं. यंदा कार्यक्रम मोठा करायचा, बाहेरून पाहुणे येणार, कॅमेरे येणार, असं बरंच घोळवून ते मुद्द्यावर आले. फितुराच्या भूमिकेला टीव्हीवरचा एक नट ठरला होता. संध्याकाळच्या मालिकेत सुनेला छळणारा सासरा करायचा तोच. तेव्हा दादांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, यंदा आराम करावा. आणि यंदाच का, यापुढे कायमचाच करावा. कोट तेवढा द्यावा.

"वहिनी, तुमच्या घराचं आता फिटलं असं समजा," सचिव म्हणाले, जणू खिशातून काढून देत होते.

बाईंनी चहा ठेवला आणि चुलीशी तोंड करून रडून घेतलं. देव पावला म्हणतात तो असाच अवचित पावतो, अगदी खुर्ची पुसून बसणाऱ्या माणसाच्या हातूनसुद्धा. सचिव फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांनी लेकीला फोन लावला. मग ती म्हणाली, "नक्की ना, आई?" बाई म्हणाल्या, "नक्की. सचिव सांगून गेले." मुलगी म्हणाली की ती रजा टाकते.

नवरा गोदामात वजनं करायच्या कामावर होता. घरी आल्यावर त्याला बातमी सांगितली तर तो हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिला. "माझ्या कामात काय खोट काढली त्यांनी?" त्याने विचारलं.

बाईंना वाटलं आपण चुकून भलतंच ऐकलं. पण तो पुढे पुढे बोलतच राहिला. आपण कधी हललो का, कधी तोंड वाकडं केलं का, तापात उभे राहिलो होतो ते विसरले का लोक. आणि बाईंना एकदम साथीचं वर्ष आठवलं. त्या वर्षी समितीने ठराव केला होता की लोकांनी लांब उभं राहून नुसता थुंकल्याचा अभिनय करावा. तेव्हा हा माणूस कोरडा ठणठणीत कोट घालून घरी आला होता आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला होता. बाईंना वाटलं होतं, थकला असेल. माणूस आपल्या घरातल्या माणसाबद्दल चांगलंच वाटून घेतो, त्यातच संसाराची निम्मी वर्षं निघून जातात.

चार दिवसांनी बाई कोट इस्त्री करून समितीच्या कचेरीत द्यायला गेल्या. अध्यक्षांच्या लॉजच्या तळमजल्यावरच ती कचेरी होती. दार अर्धं लोटलेलं होतं आणि आत नवऱ्याचा आवाज येत होता. बाई जिन्याशी थबकल्या.

तो विनवत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, टोपी हातात घेऊन. नट काय आज आहे उद्या नाही, म्हणत होता, घरचा माणूस तो घरचा. लोकांना त्यात रस वाटायला हवा. हवं तर नियम बदला, तोंडावर थुंकू द्या, माझी हरकत नाही. अध्यक्ष दात कोरत ऐकत होते. मग नवरा म्हणाला, "साहेब, वर्षभर मी गोदामात पोती मोजतो. माझ्याकडे कुणी बघत नाही. त्या एका दिवशी अख्खं गाव माझ्यापुढे रांग लावतं."

अध्यक्ष हसले. म्हणाले, बघू.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं त्यांनी हा माणूस सोसतोय म्हणून सोसलं होतं. आजोबाचं पाप नातू फेडतोय, आपण त्याचा कोट धुतोय, दोघं मिळून ओझं वाहतोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आणि हा तर मिजास मिरवत होता. लाज कोळून प्यायलेला माणूस निदान लाज कशाला म्हणतात ते ओळखतो. ह्याने थुंकीचा हार करून गळ्यात घातला होता.

त्यांनी कोट जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि आल्या तशा परत गेल्या. नवऱ्याला काही विचारलं नाही. लेकीला तर अजिबात सांगितलं नाही. अध्यक्ष नुसतं बघू म्हणाले होते आणि अध्यक्ष बघू म्हणाले की ते काम होत नसतं, हे गावाला ठाऊक होतं. सगळी भिस्त त्यांनी त्या दोन अक्षरांवर ठेवली.

मुलगी आदल्या दिवशी आली. फळीवरचं ताट उतरलं. बापाने विचारलं, प्रवास बरा झाला का, आणि तिने सांगितलं, झाला. मग तिने त्याच्या पानात वाढलं. बाप म्हणाला की उद्या मीही चारचौघांसारखा गर्दीत उभा राहून बघणार आहे, तुम्हीही चला. तो हे इतक्या साधेपणाने म्हणाला की बाईंना आपलीच शरम वाटली. उगीच त्या माणसाबद्दल वाईट विचार केला. सकाळी त्यांनी त्याचा पांढरा सदरा काढला, स्वतः शिवलेला, बारीक काजं आणि पुढे पट्टीत दाटीने बसवलेली छोटी बटणं. कडक इस्त्री केली. लेकीने बापाची कॉलर नीट केली. तिघं एकत्र रस्त्याने निघाले तेव्हा बाईंना वाटलं, चारचौघांचं असतं तसंच आहे की हे. यासाठीच तर जीव टांगणीला लागला होता.

बाई तो कार्यक्रम पहिल्यांदाच बघत होत्या. त्या आजवर फक्त कोट बघत आल्या होत्या.

जकात कचेरीच्या मागच्या अंगणात मांडव होता. लाउडस्पीकर कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात ओरडत होता. अध्यक्षांनी मास्तरांवर भाषण केलं. त्यात मास्तर थोडे होते, लॉजपुढचा नवा रस्ता पुष्कळ होता. सोबतच्या चौघांपैकी तिघांचीच नावं त्यांनी घेतली आणि कुणी चूक काढली नाही. मास्तरांचं काम करणारा तरुण भिंतीशी उभा राहिला, फटाके वाजले, तो पडला. पडताना त्याने आधी हाताने जागा झाडून घेतली. बाईंच्या पुढची बाई शेंगदाणे खात होती.

मग फितूर आला. नट भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि मांडवात एकदम आनंदाची लाट आली. "अगंबाई, खरंच तोच आहे की!" बायका पुढे सरकल्या. नटाला तो कोट छान बसला होता. त्याने टोपी मागे सारली, म्हणजे चेहरा दिसावा, आणि कॅमेऱ्याकडे बघून मालिकेतला तो डोळा बारीक करायचा प्रकार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष मान घ्यायला पुढे झाले. नटाच्या माणसाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हातात एक फवारणीची बाटली दिली, केशकर्तनालयात असते तशी. करारात तसं लिहिलेलं होतं म्हणे. अध्यक्षांनी नटाच्या छातीवर दोनदा गुलाबपाणी फवारलं. नट खिदळला, गुदगुल्या झाल्यासारखा. रांग लागली खरी, पण ती फोटोची लागली.

जरा वेळाने तेही सरलं. नटाला गाडीची घाई होती, तो गेला. गर्दी मात्र जागची हलेना. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, जेवायला बोलावून हात धुवायला लावावं आणि पान मांडूच नये तशी. समितीच्या लोकांची तोंडं उतरली. मागून कुणीतरी म्हणालं, "आपला कुठाय?"

बाईंनी शेजारी पाहिलं. नवरा तिथे नव्हता.

तो आधीच निघाला होता. लोक बाजूला होऊन त्याला वाट देत होते आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. मुलगी म्हणाली, "बाबा." ओरडली नाही, नुसतं म्हणाली. त्याने ऐकलं असावं, कारण त्याची मान किंचित वळली. पण पाय थांबले नाहीत. तो भिंतीशी जाऊन उभा राहिला, स्वतःच हात मागे घेतले, हनुवटी छातीला टेकवली आणि डोळे मिटले. पांढरा सदरा उन्हात चमकत होता.

अध्यक्ष खाकरले. मांडवात समाधानाचा सुस्कारा पसरला.

बाईंनी मग सगळं पाहिलं. मुलीच्या जन्माच्या वेळी धावून आलेले डॉक्टर रांगेत होते. चष्मा काढून, तोंड पुसून, व्यवस्थित थुंकले. शेजारची रोज साखर उसनी नेणारी बाई दोन पोरांना घेऊन उभी होती आणि धाकट्याला नेम जमेना म्हणून त्याला उचलून धरत होती. औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला दोघांनी धरून आणलं. इतकी वर्षं बाई ज्यांना डागांवरून ओळखत होत्या, त्यांचे चेहरे आज दिसले. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर एक वेळ सोसला असता. माणसं थुंकत होती, तोंड पुसत होती आणि पुढच्या दुकानात सरबत प्यायला जात होती.

आणि नवऱ्याच्या ओठांवर हसू होतं. बारीकसं, मिटलेल्या डोळ्यांखालचं, तृप्त. ढेकर द्यायच्या आधीचं असतं तसं.

मुलगी वळून चालू लागली. बाई तिच्या मागोमाग गेल्या.

घरी आल्यावर मुलीने बॅग भरली. भरायला फारसं काही नव्हतंच. बाई म्हणाल्या की खरंच सचिव सांगून गेले होते गं. मुलगी म्हणाली, "माहीत आहे, आई. तू खोटं बोलली नाहीस." मग तिने आईचा हात धरला. बाईंना समितीच्या कचेरीत ऐकलेलं सगळं सांगावंसं वाटलं, पण आता सांगण्यासारखं उरलं नव्हतं. जे कानांनी ऐकलं होतं ते पोरीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं.

नवरा दाराशी उभा होता. सवयीप्रमाणे दोन्ही हात पुढे केलेले, नजर समोर. सदरा छातीवर भिजून अंगाला चिकटला होता आणि दाट छोट्या बटणांच्या पट्टीवरून काहीतरी हळूहळू खाली ओघळत होतं. टबात पाणी नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो आनंदात होता. म्हणाला, "नटबिट सगळं खोटं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. पुढच्या वर्षीपासून पुन्हा मीच."

तो हात तसेच धरून थांबला. मग म्हणाला, "अगं, काढ ना. वास येतोय."

"पुढून बटणं आहेत," बाई म्हणाल्या. "तुमचं तुम्ही काढा."

त्याला ते कळलं नाही. त्याने मुलीकडे पाहिलं. ती दारात बॅग घेऊन उभी होती. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मशीनवरची आपली कापड कापायची मोठी कात्री उचलली, फडक्यात गुंडाळली, मोजपट्टी तिच्याभोवती बांधली आणि दोन्ही पिशवीत टाकली. मग एक लुगडं टाकलं. मग आणखी एक.

"कुठे निघालीस?" त्याने विचारलं.

बाई पिशवीचे बंद बांधू लागल्या तेव्हा त्याने कंटाळून हात खाली घेतले आणि वरच्या बटणाला हात घातला. बटण निसटलं. त्याने पुन्हा धरलं. बोटं घसरली. त्याने बोटं डोळ्यांसमोर आणून पाहिली. त्यांच्यामध्ये एक पिवळट तार ताणली गेली होती आणि ती तुटत नव्हती. जन्मात पहिल्यांदाच ते त्याच्या हाताला लागलं होतं. इतकी वर्षं ते बाईंच्या वाट्याला होतं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, घशातून आवाज आला आणि तो पायरीवर वाकून ओकू लागला.

बाई उंबऱ्याशी थांबल्या. जुन्या सवयीने हात पाण्याच्या तांब्याकडे गेला. तो त्यांनी उचलला, त्याच्या शेजारी पायरीवर ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, "चल, गाडी चुकेल."

रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत त्याचं ओकणं ऐकू येत होतं. समोरून सचिव येत होते, हातावर नटाने परत केलेला कोट घेऊन. एकही डाग नव्हता, गुलाबपाण्याचा वास तेवढा येत होता. बाईंना बघून ते हसले आणि म्हणाले की यंदा धुवायचं काम वाचलं, वहिनी. बाईंनी कोट घेतला नाही. दादा घरीच आहेत, त्यांच्याकडे द्या, म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.